पाट्याला टाकी कोण लावणार?



ज्या मुलांविषयी आज बोलायचं आहे, त्यांच्यापर्यंत रेडिओ पोचत नाही. म्हणून मी बोलतेय ते त्यांच्या आसपासच्या ऐकू येणाऱ्या माणसांशी. प्राचार्यांशी, शिक्षकांशी, आईवडिलांशी आणि सगळ्यांत जास्त माझ्या दुभाषी सहकाऱ्यांशी, जे कॉलेजच्या वर्गात उभं राहून शिक्षकांचं बोलणं कर्णबधिर विद्यार्थ्याला भारतीय सांकेतिक भाषेत सांगतात.

या कामासाठी दोन वर्षांची पदविका आहे. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेसारख्या ठिकाणी ती करता येते. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी होते, नूतनीकरणासाठी कार्यशाळांना हजेरी लावून गुण मिळवायचे असतात. हे सगळं हवंच. पण दुभाषी एकदा नोकरीला लागला की त्याचं खरं शिकणं बहुतेक ठिकाणी थांबतं, आणि ते थांबलंय हे कोणाला कळतही नाही.

तुमच्याकडे पाटा-वरवंटा असेल, निदान आजीकडे पाहिला असेल. रोज वाटून वाटून पाटा गुळगुळीत होतो. दिसायला छान दिसतो, वरवंटा झरझर फिरतो, पण चटणी भरडच राहते. मग टाकी लावणाऱ्या बाईची वाट पाहायची. ती ठकठक करून पाट्याला पुन्हा खरखरीत करून देते. पाटा खराब नव्हता. कामानंच तो गुळगुळीत झाला होता.

वर्गातल्या दुभाष्याचं हेच होतं. हात सराईत होतात, वेग वाढतो. मागे उभे असलेले प्राचार्य खूश होतात. जीवशास्त्राचा तास असतो, बाई परासरण शिकवत असतात. दुभाषी ‘ऑस्मॉसिस’ हा शब्द अक्षर-अक्षर करून बोटांनी भरभर दाखवतो आणि पुढे जातो. मुलगी स्पेलिंग वहीत उतरवते, मान डोलावते. खरं तर तिथे हवेत एक पडदा उभा करायला हवा होता. त्याच्या एका बाजूला पातळ द्रावण, दुसऱ्या बाजूला घट्ट, आणि पातळाकडून घट्टाकडे सरकणारं पाणी. सांकेतिक भाषेला हे फार सुंदर जमतं. पण त्यासाठी दुभाष्याला आदल्या दिवशी धडा माहीत हवा. बाईंनी टिपणं द्यायला हवीत. बाई, द्या हो ती टिपणं! आणि फळ्यावर लिहिता लिहिता बोलू नका. त्या मुलीचे डोळे एका वेळी फळ्यावर तरी असतील, नाहीतर दुभाष्याच्या हातांवर.

साधनं आता पुष्कळ आहेत. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०२१ मध्ये दहा हजार शब्दांचा झाला. एनसीईआरटीची पुस्तकं सांकेतिक भाषेत आणण्याचा करार २०२० मध्ये झाला. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी या भाषेसाठीच आहे. ती रोज पाहा. पण नुसतं पाहून पाट्याला टाकी लागत नाही. चटणी भरड आहे हे जेवणाऱ्यालाच कळतं. आपल्या खुणा समजल्या की नाही, हे कर्णबधिर माणूसच सांगू शकतो. म्हणून टाकी त्याच्या हातात द्या. आपण ऐकणारी माणसं कार्यशाळेत जमून एकमेकांची पाठ थोपटतो, त्यानं काही होत नाही.

भारतीय सांकेतिक भाषा शिकवण्याची एक वेगळी पदविका आहे आणि ती खास कर्णबधिरांसाठीच आहे. म्हणजे तयार शिक्षक आहेत. त्यांना बोलवा. आपल्या तासाचं दहा मिनिटांचं चित्रण मोबाईलवर करा, आवाज बंद ठेवा, आणि तो विषय न शिकलेल्या कर्णबधिर माणसाला दाखवा. मग विचारा, काय समजलं ते मला परत सांगा. जिथे तो अडखळेल, तिथे तुमचा पाटा गुळगुळीत झालाय. वाईट वाटेल. वाटू द्या, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवा.

 मूळ मुद्दा पुन्हा सांगते. दुभाष्याचं शिकणं नोकरीबरोबर चालू राहिलं पाहिजे, आणि ते कर्णबधिर माणसाच्या नजरेखाली झालं पाहिजे.

प्राचार्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या सत्राचं वेळापत्रक लावाल तेव्हा दुभाष्याच्या तयारीसाठी आठवड्यातला एक तास मोकळा ठेवा. महिन्यातून एकदा कर्णबधिर प्रशिक्षकाला बोलवा आणि त्याला मानधन द्या. नुसती शाल आणि नारळ नको.