सुटलेल्या कडीची आठवण

डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७२च्या सुमारास ‘सी’ ही संगणकाची भाषा घडवली. ती शिकताना आमच्या तेल्हाऱ्यासारख्या गावातली मुले ‘डबली लिंक्ड लिस्ट’ या धड्यापाशी अडतात, आणि मग पाठ करतात. खरे म्हणजे ही दुहेरी साखळी आहे. तीन चिठ्ठ्यांत समजते.

एका चिठ्ठीवर अकोला लिहा, दुसरीवर अकोट, तिसरीवर तेल्हारा. एकेरी साखळीत प्रत्येक चिठ्ठीवर फक्त पुढचीचा पत्ता असतो. तेल्हाऱ्यापर्यंत जाल, पण मागे फिरता येणार नाही. दुहेरीत मागचीचाही पत्ता असतो. या पत्त्यालाच पॉइंटर म्हणतात. आजच्या ६४ बिटांच्या संगणकावर त्या जादा पत्त्याला साधारण आठ बाइट जागा लागते.

ही जागा वाया जात नाही. अकोट काढायचे, तर अकोल्याला सांगायचे, तुझ्यापुढे आता तेल्हारा. तेल्हाऱ्याला सांगायचे, तुझ्यामागे अकोला. यादी लाखाची असली तरी दुरुस्त्या दोनच. त्यातली दुसरी राहिली, तर जाताना अकोट दिसत नाही आणि येताना दिसते! असा दोष लवकर सापडत नाही.

मला भावते ते पुढेच आहे. काढलेल्या चिठ्ठीवर दोन्ही शेजाऱ्यांचे पत्ते तसेच राहतात. यादी तिला विसरली, ती यादीला विसरलेली नाही. त्या पत्त्यांवर जाऊन शेजाऱ्यांना पुन्हा तिची ओळख दिली, की ती आपल्या जागी परत. हितोत्सुमात्सु आणि नोशिता या जपानी संशोधकांनी १९७९ मध्ये ही युक्ती वापरली. डोनाल्ड नूथ यांनी २००० साली ‘डान्सिंग लिंक्स’ या लेखातून ती सर्वदूर नेली. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर एकमेकांच्या माऱ्याबाहेर बसवणे, सुडोकू सोडवणे, अशा कोड्यांत ती कामी येते: करून पाहायचे, चुकले तर पूर्ववत करायचे.

मात्र दोन पथ्ये आहेत. अनेक चिठ्ठ्या काढल्या असतील, तर शेवटी काढलेली आधी परत ठेवावी. आणि परत घ्यायची असेल, तोवर तिची जागा मोकळी करू नये. ‘सी’मध्ये ही राखण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडेच असते. मोकळी केलेली जागा दुसऱ्याला मिळू शकते. मग जुन्या पत्त्यावर भलताच कोणी भेटतो.

तेव्हा मुलांनो, पाठांतर सोडा. आधी कागदावर तीन चौकोन काढा, बाण जोडा, मधला चौकोन काढून परत बसवा. संगणकापुढे त्यानंतर बसा.