नवलकोलाचा गड्डा आणि त्याची पाने

एरंडोल तालुक्यात थंडी पडू लागताच भरिताच्या वांग्यांची जी बडदास्त होते, तिचा शतांशही नवलकोलाच्या वाट्यास येत नाही. आणि जो कोणी तो विकत घेतो, तोही बहुधा पाने तेथेच खुडून, मालाचा मोठा ऐवज भाजीवालीच्या पाटीत ठेवून येतो.

नवलकोलाचा गड्डा हा मूळ नसून जमिनीवर फुगलेला खोडाचा भाग होय. त्याच्या 100 ग्रॅम गरात सुमारे 60 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, साडेतीन ग्रॅमच्या आसपास तंतू आणि पोटॅशियमचा चांगला अंश असून उष्मांक अवघे 27 असतात. कॅरोटीन आणि ल्युटीन यांचा खजिना मात्र हिरव्या पानांत. गर त्या बाबतीत अगदीच निर्धन. जांभळ्या जातीचा रंग अँथोसायनिनचा, तोही सालीपुरताच.

याखेरीज कोबी-मोहरीच्या कुळातील ग्लुकोसिनोलेट ही गंधकयुक्त द्रव्ये त्याच्या सर्वांगात असतात; चिरताना वा चावताना पेशी फुटल्या म्हणजे मायरोसिनेज नामक विकर त्यांवर क्रिया करते, आणि त्यातून जी तिखटसर द्रव्ये निपजतात, त्यांच्या कर्करोगविरोधी गुणांचा मामला शास्त्रज्ञांच्या दप्तरी अद्याप निकाली निघालेला नाही. फार शिजविल्यास विकर निष्क्रिय होते व क जीवनसत्त्व पाण्यात उतरते. म्हणून उकळून पाणी फेकण्याची रीत मला तरी निव्वळ उधळपट्टी वाटते. कोवळा गड्डा किसून कोशिंबीर करावी, आणि पाने लसूण-मिरचीच्या फोडणीत मेथीप्रमाणे परतून कळण्याच्या भाकरीशी खावीत. थायरॉइडच्या रोग्यांनी मात्र कच्चा नवलकोल किती खावा, हे आपल्या डॉक्टरांस विचारावे.