गिरमिट आणि कोयता

अमेरिकेतील व्हर्माँट संस्थानात राहणाऱ्या माझ्या भाच्याने मागे मला एक भेट धाडली : झाडास भोक पाडण्याचे गिरमिट. तिकडे मेपल वृक्षाचा रस काढून त्याचा पाक करतात, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. "मामा, कळमनुरीस आपल्या बांधावर शिंदीची झाडे आहेतच, करून पाहा," असे सोबत पत्र होते. मी करून पाहिले आणि फसलो.

गिरमिट मात्र अव्वल होते. जाडी अवघी ८ मिलिमीटर. पूर्वी ११ मिलिमीटरचे वापरीत; परंतु लहान जखम लवकर भरते, म्हणून ते मागे पडत गेले. धार तीक्ष्ण हवी, कारण बोथट गिरमिट लाकूड कापीत नाही, कुसकरते. भोक दीड इंच खोल, आत किंचित चढते पाडावयाचे, म्हणजे रस आपसूक बाहेर उतरतो. भुसा पांढुरका निघावा. तपकिरी निघाल्यास तेथील लाकूड मेलेले समजून दुसरी जागा शोधावी. मेपलच्या सालीखाली दरवर्षी लाकडाचा नवा थर चढतो आणि भोक झाकले जाते. सारी मदार या थरावर आहे.

मी शिंदीच्या बुंध्यात, छातीइतक्या उंचीवर, तेच गिरमिट फिरविले. थोडी ओल आली; रस नाही. दुसऱ्या दिवशी एक वृद्ध शिंदी काढणारे गृहस्थ वाटेने जात होते. त्यांनी भोकात बोट घालून पाहिले व म्हणाले, "मास्तर, बुंध्याला कशाला टोचलं? रस तर वर शेंड्याखाली असतो. अन् हे भोक आता बुजत नसतं."

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. शिंदी ही ताडामाडांच्या कुळातली. तिच्या खोडात वर्षाचे वलय नाही, की जखम भरून काढणारा थर नाही. म्हणून तिला भोक पाडीत नाहीत. हिवाळ्याच्या तोंडी शेंड्याखालच्या एका बाजूच्या झावळ्या उतरवून कोवळा भाग उघडा करतात, आणि पातळ, अतितीक्ष्ण कोयत्याने त्याचा पापुद्रा तेवढा काढतात. संध्याकाळी मडके बांधावयाचे, पहाटे उतरवावयाचे. मडक्यास आतून चुना लावला तर रस लवकर आंबत नाही. मधून मधून झाडास विसावा देतात. पुढल्या वर्षी छेद समोरच्या बाजूस. त्यामुळे जुन्या शिंदीचे खोड नागमोडी दिसते, आणि खाचा मोजून किती हंगाम झाले ते सांगता येते. कोयता बोटभर जास्त गेला, तर तो गाभ्यास लागतो. शिंदीस वाढीचा कोंब एकच. तो गेला की झाड गेले.

श्रमाचे फळ मात्र शिंदीकडे अधिक. मेपलच्या रसात साखर शेकडा दोनच्या आसपास, म्हणून एक शेर पाकास सुमारे चाळीस शेर रस आटवावा लागतो. शिंदीच्या ताज्या रसात ती शेकडा दहाच्या घरात असते. बंगालात त्याचाच गूळ करतात. आमच्याकडे मात्र रस आंबविण्याकडेच कल राहिला. १९४८ पूर्वी निजामाच्या राज्यात अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे एक मोठे साधन होते, हेही त्यामागे असावे. आजही महाराष्ट्रात नीरा काढण्यास परवाना लागतो. भाच्याच्या पत्रात हे नव्हते, आणि मीही आधी चौकशी केली नाही.

त्या झाडावरचे भोक अजून तसेच आहे. त्यात मुंग्यांनी बिऱ्हाड केले आहे.