एका वेळच्या जेवणावर खेळलेली दहा वर्षं

गंगाखेड तालुक्यातल्या बचत गटांतर्फे आम्ही बोलतोय. आज कर्जाच्या हप्त्याचं बोलायचं नाही, शेळीच्या विम्याचंही नाही. आज खो-खोचं बोलायचं आहे. रेडिओचा आवाज जरा वाढवा, आणि घरात तेरा-चौदा वर्षांची पोरगी असेल तर तिलाही जवळ बोलवा. भांडी नंतर घासता येतील.

सारिका काळे हे नाव तुमच्यातल्या काहीजणींनी ऐकलं असेल. ही धाराशिवची पोरगी, म्हणजे आपल्या मराठवाड्यातलीच. परळी, अंबाजोगाई, कळंब करत गेलं की आलं धाराशिव. ती भारताच्या महिला खो-खो संघाची कर्णधार होती. २०१६ साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई खेळांत तिच्या संघानं सुवर्णपदक मिळवलं. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या खेळाडूला हा पुरस्कार मिळायला त्याआधी बावीस वर्षं वाट बघावी लागली होती.

पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तिनं पत्रकारांना जे सांगितलं, ते आम्हाला पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं. साधारण दहा वर्षं ती दिवसातून एकदाच जेवत होती. आई शिवणकाम आणि घरकाम करायची. वडिलांना शारीरिक अडचणींमुळे फारसं कमावता येत नव्हतं. सगळं घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचं. तेराव्या वर्षी मामा-काकांच्या नात्यातल्या एका खेळाडूनं तिला मैदानावर नेलं आणि तेव्हापासून ती खेळत राहिली. पोटभर आणि चांगलं जेवण कधी, तर शिबिर असलं किंवा स्पर्धा असली की.

आता खो-खो म्हणजे काय, ते आपण शाळेत खेळलोय. पाठलाग करणाऱ्या आठजणी रांगेत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. पाठीमागून खो मिळाला की एका झटक्यात उठायचं. एकदा दिशा घेतली की माघारी वळायचं नाही, खांबाला वळसा घालूनच यायचं. पळणाऱ्या तिघी एकदम आत येतात, त्या बाद झाल्या की पुढच्या तिघी. उठणं, बसणं, झेपावणं, मातीवर सूर मारणं. ढोपरं फुटतात, घोटे मुरगळतात. हे सगळं एका वेळच्या भाकरीवर! आपल्या घरात कोण शेवटी जेवतं आणि तव्यावर तेव्हा काय उरलेलं असतं, हे आम्ही तुम्हाला सांगायची गरज नाही.

२०१६ साली, ज्या वर्षी ते सुवर्णपदक आलं, त्याच वर्षी घरच्या परिस्थितीला कंटाळून तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं. तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी ही गोष्ट पुढे सांगितली. ती खोलीचं दार लावून बसली होती, हे त्यांना तिच्या आजीनं कळवलं. त्यांनी समजावलं आणि ती मैदानावर परत आली. आम्हाला यात आजी फार महत्त्वाची वाटते. पोरीनं दार लावून घेतलं तर आपल्याकडं पहिला विचार येतो की आता स्थळं बघा. या आजीनं प्रशिक्षकाला निरोप दिला.

घरच्यांनी तिला खेळायला कधी अडवलं नाही, हेही तिनं सांगितलंय. पैसे नव्हते, पण अडवणूकही नव्हती.

आता कमाईचं बोलू, कारण गटात बसलेली बाई शेवटी हेच विचारते. खेळून पोट भरतं का? ऑस्ट्रेलियात रग्बी लीग नावाचा खेळ आहे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी धरून पाडायचं. आपल्या कबड्डीतली पकड आठवा, म्हणजे समजेल. तिथं २०१८ साली बायकांची स्वतंत्र व्यावसायिक लीग सुरू झाली, पहिल्या वर्षी चारच संघ होते. व्यावसायिक म्हणजे खेळायचा पगार मिळतो. पण तिथंही सुरुवातीला खेळाडू बायका दुसरी नोकरी सांभाळूनच खेळत होत्या.

आपल्याकडं पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ पासून टीव्हीवर दिसते. बायकांची २०१६ साली तीन संघांची स्पर्धा घेतली, ती त्या एका हंगामावरच थांबली. खो-खोची मोठी लीग २०२२ साली आली, तीही पुरुषांची. मग आपल्या पोरीला पगार कुठून मिळणार? सारिकाला मिळाला तो नोकरीतून. ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. आज खेळणाऱ्या पोरीचं करिअर, करिअर म्हणतात ते, बहुतेक वेळा याच दारातून जातं. लीग झाली तर झाली. तिची वाट बघत पोरीला घरी बसवू नका आणि तिच्या भरवशावर शिक्षणही सोडू देऊ नका. दहावी-बारावी, पदवी हे सगळं लागतंच.

सारिकानंतर वाट थोडी रुंद झाली आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८ विरुद्ध ४० असं हरवलं. कर्णधार होती प्रियंका इंगळे, तिचं मूळ घर बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं. केज म्हणजे आपल्यासारखाच ऊसतोडीचा मुलूख.

आमच्या एका गटात मागच्या वर्षी गंमत झाली. एका सभासदानं मुलीचे बूट आणि स्पर्धेला जायचा खर्च म्हणून पंधराशे रुपये कर्ज मागितलं. आजवर बियाणं, शेळी, दवाखाना, शिलाई मशीन यांना कर्ज दिलेलं. खेळाला? एक वयस्क मावशी म्हणाल्या, "शेळी दूध तरी देती, पोरीचं पळणं काय देणार?" तासभर वाद चालला. दुसरी म्हणाली, लग्नाला मागितले असते तर एका मिनिटात दिले असते. त्यावर मावशी गप्प बसल्या, पण पटलं असं काही दिसलं नाही. कर्ज मंजूर झालं, नेहमीच्याच व्याजानं. मुलीचा संघ पुढच्या फेरीत हरला. हप्ते मात्र वेळेवर येतायत. आणि मावशी आता त्या पोरीला बघितलं की पदरातून शेंगदाणे काढून देतात.

खाण्याचं फार अवघड करू नका. भाकरी, डाळ, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, चालत असेल तर अंडं. पण दोन्ही वेळा, आणि भावाच्या ताटाइतकंच. दिवाळीनंतर तोडीला जाणार असाल आणि शाळेच्या स्पर्धा चालू असतील, तर पोरीला कुणाकडं ठेवायचं हे गटात आधीच बोला. आजी-मावशी नसेल तर हंगामी वसतिगृहाचं शाळेत विचारा. कोयता हातात आला की पळणं संपतं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

आणि कागद. तालुक्याच्या स्पर्धेपासून मिळालेलं प्रत्येक प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा, पत्र्याच्या पेटीत, पावसापासून लांब. नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणेच आहे का, हे मिळाल्या दिवशीच बघा. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळू शकतात, त्याचा अर्ज शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो, म्हणून सरांना आधीच विचारा. नोकरीच्या राखीव जागेसाठी स्पर्धा कोणत्या पातळीची होती आणि क्रमांक कितवा आला, ते बघतात. क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणीही करून घ्यावी लागते. परभणीला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आहे, तिथं विचारायला बाईमाणसानं जायला काही हरकत नाही. एकटीला अवघड वाटलं तर दोघी-तिघी मिळून जा, गटाच्या कामाला बँकेत जातो तसं.

पुढच्या मंगळवारी शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोलू. नमस्कार.