मुदत

मराठीत घरासाठी बरेच शब्द आहेत, पण मला ‘बिऱ्हाड’ हा शब्द फार जवळचा वाटतो. घर बांधावं लागतं. बिऱ्हाड थाटलं जातं आणि एका दिवसात हलवलंही जातं. आपल्या म्हणीत ते विंचवाच्या पाठीवर असतं. पण विंचवाला मुलांची शाळा नसते. रेशनकार्डावरचा पत्ता बदलायला त्याला रांगेत उभं राहावं लागत नाही, आणि नव्या घराचं डिपॉझिट महिनाअखेरीस आणायचं कुठून, ही चिंताही त्याला नसते.

घर खाली करा, असं भाडेकरूला सांगितलं जातं, त्या घडीला सरकार त्याच्यासाठी काय करतं? आज त्याविषयीच बोलायचं आहे.

मुंबईत हा प्रश्न जुना आहे. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली आणि १९१८ साली सरकारला भाड्यावर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. पुढे १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. तोही तात्पुरताच होता, पण मुदतवाढी मिळत मिळत तो बावन्न वर्षं चालला. ३१ मार्च २००० पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घेतली.

जुन्या कायद्याला नावं ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. भाडं १९४० च्या पातळीवर गोठलं, मालकांनी दुरुस्ती सोडली, चाळी खचल्या. तक्रार खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली त्या गोठवणाऱ्या तरतुदी अवाजवी ठरवल्या. आता वर्षाला चार टक्के भाडं वाढवता येतं. पण या कायद्यांत भाड्याच्या आकड्यापलीकडेही काही आहे, आणि त्याकडे फारसं कुणी पाहत नाही.

समजा, पागडीच्या खोलीत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाचं भाडं थकलं. घरधन्याची नोकरी गेली असेल, कुणी आजारी पडलं असेल. मालकाला थेट कोर्टात जाता येत नाही. आधी लेखी नोटीस द्यायची आणि नव्वद दिवस थांबायचं. त्यानंतर दावा लावला, तरी समन्स हातात पडल्यापासून पुन्हा नव्वद दिवस असतात. तेवढ्यात थकबाकी, तिच्यावर पंधरा टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च भरला आणि पुढे भाडं नियमित दिलं, तर थकबाकीपायी घर जात नाही. म्हणजे कायद्याने पैसे माफ केले नाहीत, एक दमडीही सोडली नाही. त्याने मुदत दिली. सहा महिन्यांत माणूस उधार-उसनवार करतो, दागिना गहाण ठेवतो, दुसरी नोकरी धरतो. आमच्या मोहल्ल्यातली कितीतरी घरं अशा मुदतीवरच तगली.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. मालक म्हणाला, ‘मला स्वतःला राहायला जागा हवी आहे,’ तर न्यायाधीशाने दोन्हीकडे पाहायचं असतं. घर खाली करायला लावलं तर भाडेकरूचे हाल जास्त होतील, की न लावलं तर मालकाचे? भाडेकरूचे जास्त होणार असतील, तर हुकूमनामा देता येत नाही. हा सवाल खुद्द कायद्यातच लिहिलेला आहे. धोबी तलावाजवळच्या लघुवाद न्यायालयात तो किती वेळा विचारला गेला असेल!

पण मंडळी, हे सगळं जुन्या भाडेकरूंचं झालं. आज शहरात नव्याने भाड्याने राहायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण लीव्ह अँड लायसन्सवर राहतो. कायद्याच्या भाषेत तो भाडेकरूच नाही, परवानाधारक आहे. करार बहुधा अकरा महिन्यांचा. (बारा महिन्यांच्या आतला करार नोंदवावा लागत नाही म्हणून हा अकराचा आकडा रूढ झाला. महाराष्ट्रात आता प्रत्येक करार नोंदवावाच लागतो, तरी आकडा काही जात नाही.) करार संपल्यावर घर सोडलं नाही, तर दुप्पट रकमेचा भुर्दंड. बाजू मांडायची तर समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत आधी तशी परवानगी मागायची. करारात लिहिलेलं असेल तोच अखेरचा पुरावा. हाल कुणाचे जास्त, हा सवाल इथे कुणी विचारत नाही.

असं का झालं, यालाही इतिहास आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवान्यावर राहत होते, त्यांना सरकारने कायदा बदलून एकदम संरक्षित भाडेकरू केलं. हेतू चांगला होता, पण मालकांनी धसका घेतला. भाड्याने देण्यापेक्षा कुलूप बरं, अशी वृत्ती वाढली. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी होती. मालकाला आपलं घर परत मिळण्याची खात्री हवी, हे मलाही पटतं.

पण मालकाला खात्री आणि राहणाऱ्याला थोडी मुदत, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत का? २०२० च्या टाळेबंदीत सरकारला तशी गरज वाटली होती. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना केली की निदान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला, भाडं थकलं म्हणून कुणाला काढू नका. सूचना योग्य होती. पण थकलेलं भाडं पुढे भरायचं कशातून, याची तजवीज तिच्यात नव्हती.

इंग्लंडमध्ये २०१७ साली एक कायदा झाला आणि एप्रिल २०१८ पासून लागू झाला. छप्पन्न दिवसांत घर जाण्याचा धोका असलेला माणूस स्थानिक कौन्सिलकडे गेला, तर त्याचं घर टिकवण्यासाठी किंवा दुसरं मिळवण्यासाठी प्रयत्न करणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. मालकाशी बोलणं, थकबाकीचा हिशेब जुळवणं, अशी साधी कामं. तिथेही सगळं आलबेल नाही. एक लाखाहून जास्त कुटुंबं अजून तात्पुरत्या निवाऱ्यात आहेत. पण माणूस रस्त्यावर येण्याआधी त्याची दखल घेतली जाते, एवढं तरी कागदावर ठरलं आहे.

आपल्या वॉर्ड ऑफिसात अशी एक खिडकी का असू नये? करार संपताना दोन महिन्यांची सक्तीची पूर्वसूचना, शाळेचं वर्ष पुरं होईपर्यंतची सवलत, थकबाकीसाठी छोटं कर्ज. यासाठी मालकाचा हक्क काढून घ्यावा लागत नाही. सगळ्यांना दुसरं घर सारख्याच वेळात मिळतं, असंही नाही. फोनवर मी नाव सांगितलं की एजंटचा आवाज बदलतो. एकट्या बाईचाही तोच अनुभव असतो. अशांना दोन महिने कमीच पडतील.

तोवर जे हाती आहे, ते तरी माहीत असावं. घर खाली करावं म्हणून मालक पाणी किंवा वीज तोडू शकत नाही. तशी मनाई कायद्यातच आहे आणि त्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येते. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती त्याने पाळली नाही, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं आधी धरलं जातं. वकील परवडत नसेल, तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा, पात्र असल्यास वकील मोफत मिळतो. अर्जदार स्त्री असेल, तर तिला उत्पन्नाची अटही नाही.