प्रक्षेपण-यंत्रणेचा पहारा



२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा प्रक्षेपणाची सुरक्षितता म्हणजे मनोरा, वीजपुरवठा आणि प्रवेशद्वार यांची राखण, असाच अर्थ घेतला जाई. आज चित्रीकरणापासून प्रक्षेपणापर्यंतची बहुतेक कामे परस्परांशी जोडलेल्या संगणकांवर चालतात. साहजिकच चोराला प्रवेशद्वाराशी येण्याचे कारण उरलेले नाही.

फ्रान्समधील ‘टीव्ही-५ मोंद’ या संस्थेचा अनुभव या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखा आहे. ८ एप्रिल २०१५ रोजी या संस्थेने एक नवी वाहिनी समारंभपूर्वक सुरू केली आणि त्याच रात्री तिच्या बाराही वाहिन्यांचे पडदे एकाएकी काळे पडले. तिच्या समाजमाध्यमांवर दहशतवाद्यांच्या नावाने धमक्या झळकल्या; पुढे तपासात मात्र संशयाची सुई रशियाशी संबंधित गटाकडे वळली. हे लोक जानेवारीतच आत शिरले होते. त्यांनी यंत्रणेचा शांतपणे अभ्यास केला आणि चित्रसंकेत प्रक्षेपणयोग्य करणाऱ्या यंत्रांवरच घाव घातला. कलादालनातील दूरनियंत्रित कॅमेऱ्यांच्या पुरवठादारामार्फतही त्यांनी वाट शोधली होती.

संस्था वाचली ती योगायोगाने. शुभारंभामुळे तंत्रज्ञ रात्री जागेवर होते. त्यांपैकी एकाने बाधित यंत्र हुडकून त्याचा इंटरनेटशी संबंध तोडला. पहाटे साडेपाचच्या सुमारास पहिली वाहिनी पुन्हा दिसू लागली. पुढे काही काळ कर्मचाऱ्यांना फॅक्सवर काम भागवावे लागले आणि पहिल्याच वर्षी सुमारे ५० लाख युरो खर्ची पडले. गंमत अशी की, दुसऱ्या दिवशी याच कचेरीत चित्रित झालेल्या एका मुलाखतीत मागच्या भिंतीवर चिकटवलेले पासवर्ड साऱ्या देशाला दिसले!

याहून क्षुल्लक चूकही पुरेशी ठरते. अमेरिकेतील मोंटाना राज्यात ११ फेब्रुवारी २०१३ रोजी एका केंद्रावरून ‘मृतदेह थडग्यांतून उठून जिवंतांवर हल्ले करीत आहेत’, असा आपत्कालीन इशारा प्रसारित झाला. इशारा-यंत्राचा कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. लोक हसले, पण महापुराच्या रात्री नदीकाठच्या गावाला असा खोटा निरोप गेला तर? आणि एकदा फसलेला ग्रामस्थ पुढचा खरा इशारा ऐकून घर सोडील काय?

आपल्याकडे एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत ‘सर्ट-इन’ला कळविणे बंधनकारक आहे. तथापि कळविण्यापूर्वी ती लक्षात यावी लागते, आणि पॅरिसमधील पाहुणे तर अडीच महिने घरात होते.

मध्यंतरी एका कार्यक्रमाच्या चित्रीकरणाची पूर्वतयारी पाहण्यास गेलो असता, संगणकाच्या चौकटीवर पासवर्डची चिठ्ठी आढळली. मी ती काढताच तेथील कर्मचारी म्हणाले, “साहेब, मग लक्षात कसा राहायचा?” प्रश्न रास्त होता. त्यांच्यासाठी एक वही केली आणि ती कुलपाच्या कपाटात ठेवली. कपाटाची किल्ली कोठे ठेवायची, यावर मात्र बराच वेळ चर्चा चालली.