चित्रफितीपुढची हजेरी



अमेरिकेत बँकेबाहेर घरकर्ज जुळवून देणाऱ्या मध्यस्थाला परवाना लागतो. २००८ साली तिथे त्यासाठी कायदा झाला: परवान्याआधी २० तास शिक्षण, पुढे दरसाल ८ तास. हे शिक्षण घरबसल्या चित्रफितीवरूनही घेता येते. कायद्याला पळवाट निघालीच. २०२२ च्या जानेवारीत ४२ राज्यांतील अधिकाऱ्यांनी ४०० हून अधिक मध्यस्थांवरील कारवाई तडजोडीने मिटवली. न घेतलेले शिक्षण घेतले, असे त्यांनी दाखवले होते. तीन महिने परवाना गेला, राज्यागणिक हजार डॉलर दंड बसला.

२०१७ पासून पडद्यापुढे बसणाऱ्याला चार अक्षरे रेखून ओळख पटवावी लागते. हाताच्या वळणावरून माणूस ओळखतात. ठीक आहे. पण माझे आयुष्य हजेरीपट पाहण्यात गेले. सही खरी असली म्हणजे काम झाले, असे कोणता मुकादम म्हणेल?

त्या २० तासांत २ तास वेगळ्या धर्तीच्या कर्जांसाठी राखलेले आहेत. पहिली दोन वर्षे हप्ता हलका, मग व्याज चढते! असल्या कर्जांपायी त्या मंदीत कितीतरी कुटुंबे घराला मुकली. म्हणून माझे म्हणणे असे की, चित्रफितीने असा एक करारनामा समोर ठेवावा आणि थांबावे. तिसऱ्या वर्षी या कुटुंबाचा हप्ता किती, हे शिकणाऱ्याने स्वतः मांडून दाखवावे. ते जमेपर्यंत चित्रफीत पुढे सरकू नये. मग २ तासांचे ३ झाले तरी चालतील.